स्टॅफर्डचा दगड

बोलता बोलता ती समोरच्याचं मनगट हातात घ्यायची आणि नाडी मोजायची. एकदा कस्टमच्या साहेबाची मोजली आणि त्याने शिक्का मारायच्या आधी त्याला मीठ कमी करायला सांगितलं.

जायफळाचा तुकडा गालात ठेवायची. वारा पडला की तो डावीकडून उजवीकडे न्यायची.

होडीवर शिट्टी वाजवू द्यायची नाही. गाणं चालायचं, कितीही बेसूर असलं तरी.

नव्या बेटावर उतरली की आधी दफनभूमीत जायची, मग बाजारात.

तिघं जेवायला बसली की चार ताटं वाढायची. चौथं छोटं, अळणी. त्याला कुणी हात लावायचा नाही.

राग आला की तिचा आवाज खाली जायचा. ती ओरडत असेल तर काळजीचं कारण नसायचं.

मला नावाने हाक कधी मारली नाही. "बी.ए." म्हणायची. कौतुकाने नाही.

ईना बेदो. कॅरिबियनमधल्या आमच्या कॅरिआकू बेटावर सगळे तिला टँटी ईना, म्हणजे ईनामावशी, म्हणत, पोरंटोरंही आणि म्हातारेही. छत्तीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमच्या बेटावरची निम्मी माणसं तिच्या हातात जन्मली. मीही. मागच्या मंगळवारी ती गेली. बहात्तर वर्षांची होती.

बुधवारी सकाळी रेडिओवर मरणाच्या बातम्यांत तिचं नाव आलं. नाव, गाव, भाचेपुतणे, आणि मग हे वाक्य: "निवृत्तीनंतर जिवलग मित्रांसह शिडाच्या होडीतून बेटोबेटी फिरण्याचा, किनाऱ्यांवर मनमुराद भटकण्याचा आनंद त्यांनी लुटला."

मी रेडिओ बंद केला. 

मजकूर लंडनच्या भाच्याने पाठवला होता. त्याच्याकडे फोटो आहेत. होडीवर तीन म्हातारी माणसं, डोक्यावर गवती टोप्या, मागे निळं पाणी. फोटोत ती हसताहेत, हे खरं आहे. उलरिक काहीतरी बरळला असेल. पण आनंद लुटला म्हणे. लुटलं कुणी आणि कुणाला, ते मी इथे लिहिणार आहे. शोकसभेत मला बोलू देणार नाहीत.

तिघांतला उलरिक जन्मभर मालवाहू गलबतांवर स्वयंपाकी होता. डाव्या कानाने बहिरा. तिसरा सार्जंट लिओपोल्ड, निवृत्त पोलीस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. दर सफरीच्या पहिल्या दिवशी तो होडीच्या कडेला वाकून ओकायचा आणि दर वेळी मासळीला दोष द्यायचा. होडी ईनाच्या वडिलांनी बांधलेली. नाव 'हंबल ॲनी'. जानेवारीत निघायचे, वादळांचे महिने सुरू व्हायच्या आत परतायचे. सहा वर्षं हे चाललं. शेवटची तीन वर्षं मीही बरोबर होते. त्रिनिदादहून साहित्याची पदवी घेऊन आले होते आणि नोकरी नव्हती.

"नुसती पुस्तकं वाचतेस ना? मग पाणी उपसायला चल," ती म्हणाली. "दोन्ही बसूनच करायची कामं आहेत."

प्रत्येक खाडीत परदेशी पांढऱ्या बोटी नांगरलेल्या असायच्या. त्यांच्यावरही निवृत्त माणसंच. कॅनडाची, जर्मनीची. हातात पेला घेऊन ती माणसं हाक मारायची, "किती छान! तुम्हीसुद्धा बेटं बघत फिरता?"

"हो," टँटी सांगायची. "भाऊ शोधतोय."

ते हसायचे. त्यांना वाटायचं ही आमची म्हण असेल.

ती म्हण नव्हती. एकेचाळीस वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या वादळात तिच्या थोरल्या भावाचं, स्टॅफर्डचं, गलबत उलटलं. चार माणसं होती. तिघांची प्रेतं मिळाली. स्टॅफर्डचं नाही. आईने दोन वर्षं वाट पाहिली आणि मग दगड घडवून घेतला. नाव, जन्मसाल, खाली एक नांगर.

आमच्याकडे कबरीवर दगड लगेच बसवत नाहीत. तो घरात राहतो, दाराआड, भिंतीकडे तोंड करून. पाच वर्षं, दहा वर्षं. मग गेलेला माणूस कुणाच्या तरी स्वप्नात येतो आणि मागतो. तेव्हा दगड पांढऱ्या कापडात गुंडाळून बाहेर काढायचा, रम आणि पाणी शिंपडायचं, ढोल वाजवायचे, मक्याच्या पिठाचं अळणी कूकू आणि भाताचे गोळे करायचे, आणि दगड हाडांवर ठेवायचा. तोवर तो माणूस मेलेला असतो, पण टेकलेला नसतो. आणि हाडं लागतातच. नुसत्या वाळूवर ठेवला तर तो दगड खोटा.

आई गेली. दगड दाराआड राहिला. ईना निवृत्त झाली त्या वर्षी स्टॅफर्ड स्वप्नात आला.

"ओलाचिंब होता," तिने मला सांगितलं. "म्हणाला, ईना, मी लोकांच्या पायाखाली आहे गं."

"मग तू काय केलंस?"

"आधी माझं ब्लडप्रेशर बघितलं. ठीक होतं. मग होडी रंगवायला काढली."

दगड कायम होडीच्या तळाशी असायचा, वजन म्हणून. जोराच्या वाऱ्यात होडी कलली की उलरिक खाली बघून ओरडायचा, "स्टॅफर्ड, कूस बदलू नकोस बाबा!" टँटी त्याला चमचा फेकून मारायची. तोच चमचा घेऊन तो परत रस्सा ढवळायचा.

किनाऱ्यावरची भटकंती अशी असायची. नांगर टाकायचा. वल्ही मारत काठाला जायचं. आधी दफनभूमी, प्रत्येक बिननावाच्या कबरीपाशी थांबायचं. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं घर विचारायचं. टँटी तिच्या पायाशी बसायची, नाडी धरायची, सुजलेले घोटे दाबून बघायची, औषधांच्या बाटल्या मागायची. अर्धा तास फक्त हेच. मग विचारायची, "मोठ्या सप्टेंबर वाऱ्याच्या साली तुम्हाला समुद्राने कुणी माणूस दिला होता का?"

असंच विचारायची. दिला होता का.

एका बेटावर एक म्हातारी आठवून आठवून म्हणाली, टेबल दिलं होतं. दुसरीकडे एका माणसाने छाती ठोकून हो म्हटलं आणि कबर दाखवायला रम मागितली. कबर बकरीची निघाली. सार्जंटने त्याच्यावर गुन्हा नोंदवायचा म्हणून वही काढली. तो निवृत्त झाल्याला अठरा वर्षं झाली होती.

पाचव्या वर्षी ला पेलला पोचलो. आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाऱ्यावर, पण हद्द दुसऱ्या देशाची. बेटाच्या अर्ध्या भागावर हॉटेल, उरलेल्या अर्ध्यावर हॉटेलात राबणारी माणसं. तिथे मदर इझालिन भेटली. नव्वदीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"दिला होता की," ती म्हणाली. "उंच माणूस. एक हाड वर आलेलं होतं, हे इथलं, उजव्या खांद्यापाशी."

टँटी नाडी मोजत होती. मोजायची थांबली. स्टॅफर्ड लहानपणी आंब्यावरून पडला होता. हाड वडिलांनी घरीच बसवलं होतं, आणि वाकडं बसलं होतं.

"तुम्ही काय केलंत त्याचं?"

"काय करणार, पुरला. पाद्री नव्हता, माझ्या नवऱ्याने प्रार्थना म्हटली. भोवती शंख मांडले, सत्तावीस. दर वर्षी जाऊन धुवून यायचो. मग हॉटेल आलं, कुंपण आलं. तू कोण गं त्याची?"

"बहीण."

"उशीर केलास," म्हातारी म्हणाली, आणि तिने आत हाक मारून कॉफी टाकायला सांगितली.

ओहोटीला आम्ही पाण्याच्या कडेकडेने गेलो. पहारेकरी ला पेलचाच होता, इझालिनचं नाव ऐकून त्याने पाठ फिरवली. बेटाच्या टोकावर, काटेरी झुडपांमागे, शंख होते. काही वाळूत अर्धे बुडालेले, सगळे सत्तावीस. टँटी खाली बसली. प्रत्येकावरून हात फिरवला. रडली नाही. म्हणाली, "बघ, पाय पूर्वेला ठेवलेत. शहाणी माणसं."

दगड त्या वेळी होडीतच होता. त्याच दिवशी बसवता आला असता. पण ढोल नाहीत, भात नाही, घरची माणसं नाहीत, म्हणजे चोरीच झाली असती. तिला चोरी नको होती. तिला रीतसर हवं होतं. म्हणून हॉटेलला पत्र लिहायचं ठरलं.

पत्र मी लिहिलं.

चांगलं लिहिलं. पांढरं कापड, रमचा वास, ढोलांचा आवाज, अळणी भाताचे गोळे, चाळीस वर्षं थांबलेली बहीण. एकही जागा कोरडी ठेवली नाही. "आम्हाला त्या कोपऱ्यात चार तास द्या," एवढंच लिहायला हवं होतं.

दोन दिवसांत उत्तर आलं. मॅनेजरचं नाव प्रेस्कॉट. तो पत्र वाचून भारावून गेला होता. त्याने शनिवारची संध्याकाळ दिली होती. साठ पाहुणे असतील, खुर्च्या हॉटेलच्या, ढोलवाल्यांचं जेवण हॉटेलचं. कार्यक्रमाचं नावही त्याने ठरवलं होतं.

मी ते होडीवर वाचून दाखवलं. टँटीचा आवाज खाली गेला.

"नाही."

"नर्स, ऐकून तर घे," सार्जंट म्हणाला.

"माझा भाऊ काय जादूचे प्रयोग करतो?"

"जागा कायद्याने त्यांची आहे."

"हाडं कायद्याने कुणाची आहेत?"

"साठ माणसांना पुरेल एवढं कूकू?" उलरिक म्हणाला. "माझ्याकडे एवढं भांडंच नाही."

"त्यांचं स्वयंपाकघर आहे की," सार्जंट म्हणाला.

"म्हणजे मीठ घालतील. मेलेल्या माणसाच्या जेवणात मीठ! लिओपोल्ड, तू पोलीस कसा झालास रे?"

"उंचीमुळे," तो म्हणाला. मग गंभीर झाला. "हे बघ ईना. ते येऊन बसतील, बघतील, कंटाळतील, जातील. स्टॅफर्ड टेकेल. आपण तिघं अजून किती वर्षं येणार? माझे गुडघे गेले. याला ऐकू येत नाही."

"ऐकू येतंय," उलरिक म्हणाला.

 मग टँटीने तीन अटी सांगितल्या. फोटो नाहीत. स्टॅफर्डचं ताट मांडल्याशिवाय कुणी खायचं नाही. स्वयंपाक उलरिकचा. प्रेस्कॉटने तिन्ही लगेच मान्य केल्या. एवढ्या लगेच मान्य झाल्या तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

शनिवारी दुपारी आम्ही बावीस माणसं दोन होड्यांतून पोचलो. चुलत भाऊ, भाच्या, तीन ढोलवाले. टँटीने नर्सचा जुना पांढरा गणवेश घातला होता, इस्त्रीचा. दगड चौघांच्या खांद्यावर. धक्क्यावर प्रेस्कॉट उभा होता, तोही पांढऱ्या कपड्यांत. त्याने टँटीचा हात हातात घेऊन सांगितलं की आजचा दिवस त्याच्यासाठी मोठा आहे.

टोकाकडची वाट डावीकडे जाते. तो आम्हाला उजवीकडे घेऊन गेला.

पोहण्याच्या तलावाशेजारी हिरवळ होती. खुर्च्या गोल मांडलेल्या, माणसं बसलेली. मधोमध वाळूचा ढीग, कबरीच्या आकाराचा, हाताने थापून गुळगुळीत केलेला. भोवती शंख. स्वच्छ, पांढरे, सारख्या अंतरावर.

टँटी थांबली. दगड वाहणारे थांबले.

"हे काय आहे?"

"तिकडची वाट काट्याकुट्यांची आहे," प्रेस्कॉट म्हणाला. "आमच्या पाहुण्यांत वयस्कर मंडळी आहेत. दगड आज इथे ठेवू, सोमवारी माझी माणसं तिकडे नेऊन बसवतील. आणि हे बघा, शंख अस्सल आहेत. तिकडूनच उचलून आणले. एकही फुटू दिला नाही."

मी मोजले. सत्तावीस.

"तिकडे आता काय आहे?" टँटीने विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की त्याला पुढे वाकावं लागलं.

त्याने माळ्याला बोलावलं. माळी ला पेलचाच. तो मान वर करेना. म्हणाला, शंख काढल्यावर खड्डे दिसत होते म्हणून सगळ्या टोकावर फावडं फिरवलं. सारखं केलं. सांगितलं होतं तसं.

"कुणाला तरी जागा ठाऊक असेलच ना?" प्रेस्कॉट म्हणाला.

टँटीने त्याचं मनगट धरलं. तो हसला, त्याला वाटलं विधी सुरू झाला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजत राहिली.

"सत्तर," ती आमच्याकडे वळून म्हणाली. "याला काही झालेलंच नाही."

मग तिने उलरिकच्या डेगीतलं कूकू काढायला लावलं. स्टॅफर्डचं ताट वाढलं, ते पाण्यापर्यंत नेलं आणि लाटेत सोडलं. बाकीचं अन्न आमच्या माणसांनी होडीत नेलं. रिकामी डेग घेऊन ती ढिगाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि एकेक शंख उचलून डेगीत ठेवू लागली. आमच्यातलं कुणी हललं नाही. ढोलवाल्यांचे हात कातड्यावर तसेच होते. सत्तावीस शंख. शेवटचा ठेवून ती उठली, तेव्हा गणवेशाला गुडघ्यांवर वाळू होती.

आणि त्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

साठ माणसं. काही तर उभी राहून. एका बाईचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटलं, हाच तो विधी. मी त्यांची कौतुकाची तोंडं आयुष्यभर विसरणार नाही. मला ओरडायचं होतं.  सार्जंट एका रिकाम्या खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून, आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं तिला. मीच सांगितलं होतं." उलरिकने त्याला काखेत हात घालून उठवलं.

बाहेर काढलेला दगड आमच्याकडे परत उंबरठ्याच्या आत घेत नाहीत. टँटीने तो अंगणात ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली दोन ओंडक्यांवर ठेवला, कापडासकट. घरात घेता येईना, जमिनीत ठेवता येईना.

सार्जंट ला पेलच्या पोलीस चौकीवर तक्रार द्यायला गेला. तिथल्या पोराने लिहून घेतलं: शोभेच्या शंखांची हलवाहलव. पुढे विचारलं, शंख तक्रारदाराच्या मालकीचे होते का. सार्जंटने चाळीस वर्षं असले कागद स्वतः भरले होते. तो परत आला.

प्रेस्कॉटचं पत्र आलं. त्याला वाईट वाटत होतं. गैरसमज झाला, असं त्याने लिहिलं होतं. तो हॉटेलच्या खर्चाने स्मारक उभारायला तयार होता, टोकावर, कुठेही. 'कुठेही' हा त्याचा शब्द.

मी उत्तराचा मसुदा घेऊन गेले. चार पानं. टँटीने पहिल्या दोन ओळी वाचून तो बाजूला ठेवला.

"बी.ए., चिडून जागा सापडत नाही. खुणा घ्याव्या लागतात. तुझ्या बापाने मासे धरायचे पिंजरे कसे शोधले असते, समुद्रावर नाव लिहून?"

आम्ही ती जागा एकदाच पाहिली होती, आणि आता सगळं टोक सारखंच दिसत होतं. ती फक्त उलरिकला घेऊन मदर इझालिनकडे जायला लागली. म्हातारीला दिसत नव्हतं, पण पावलं आठवत होती. प्रेत तिच्यासह चार जणांनी उचलून नेलं होतं आणि वाटेत दोनदा खाली ठेवलं होतं. जड होता, म्हणून मोजत गेले होते. उतरायच्या खडकापासून किती पावलं, हे पहिल्या खेपेला मिळालं. टँटीने म्हातारीला तिच्या अंगणात चालवलं, तिचं पाऊल दोरीने मोजलं, आणि वर थोडी भर घातली.

"तेव्हा तू एवढी वाकली नव्हतीस."

"तेव्हा मी नाचायचे," इझालिन म्हणाली.

"मग आणखी दोन बोटं."

दुसऱ्या खेपेला जुन्या विहिरीपासूनचं अंतर मिळालं. घरी येऊन तिने मोठ्या कागदावर टोकाचा नकाशा काढला. खडकावर टाचणी टोचून, दोऱ्याला पेन्सिल बांधून एक वर्तुळ. विहिरीवर टाचणी टोचून दुसरं. दोन वर्तुळं दोन ठिकाणी एकमेकांना छेदत होती. एक जागा काटेरी झुडपांत. दुसरी हॉटेलने त्यानंतर बांधलेल्या धोबीखान्याच्या फरशीखाली.

"तिसरी खूण लागेल," ती म्हणाली. "पडक्या चर्चच्या भिंतीपासूनची. म्हातारी थकली होती. गुरुवारी ये म्हणाली."

"आणि धोबीखान्याखाली निघाला तर?"

"तर फरशी फोडायची," ती म्हणाली. आवाज अगदी खाली. "बाकीचं नंतर बघू."

सोमवारी संध्याकाळी ती त्या कागदापाशी बसली होती, असं शेजारीण सांगते. मंगळवारी सकाळी उलरिक होडीचं शीड शिवायला दोरा मागायला आला, तेव्हा ती खुर्चीतच होती. त्याने हाका मारल्या. मग त्याने तिचं मनगट धरलं. त्याला मोजता येत नाही. तरी धरून बसला.

कागद अजून टेबलावर आहे. मी त्याला हात लावलेला नाही. दोन वर्तुळं पूर्ण आहेत. तिसरी टाचणी तिने पडक्या भिंतीवर टोचून ठेवली आहे. पेन्सिलीला टोक काढलेलं आहे. दोरा कापलेला नाही, कारण किती लांब कापायचा ते गुरुवारी कळणार होतं.